पानाखालचा आकडा

दुडम शेठच्या टॉवेलांना दोन लाख तेरा हजार माणसं फॉलो करतात.
शेठ म्हणाले, आकडा भिंतीवर लावायला बराय,
मला नावं काढून दे पोरी,
कोण आहेत ही, कुठल्या गावात अंग पुसतात.

पहिल्या रात्री मी अधाशासारखी मागत बसले.
एका मागणीला वीस माणसं, नावगावफोटोसकट.
पाव तासात पंधरा मागण्या,
सोळावीला दार बंद, नंतर या.
हिशेब मांडला: साडेसात दिवस.
छोटी साडेसातीच.
आमच्या विडी घरकुलात
साडेसात तासही लाइट सलग राहत नाही.

अम्मा सूप मांडीवर घेऊन बसलेली,
पंख्याचा वारा चुकवून, तंबाखू उडते म्हणून.
"काय करलालीस गं इतक्या रात्री?"
माणसं मोजते.
"मग एकेकाचं तोंड बघत कशाला बसलालीस?
आधी कट्टे मोज.
विडी कशी वळलीय ते चेकर बघंल की नंतर."

पंचवीसचा एक कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार.
तिची बोटं न बघता थांबतात पंचविसाव्यावर.

मग मी नावं मागायची सोडली.
नुसते क्रमांक द्या म्हटलं.
क्रमांक हलके असतात,
एका पानावर पाच हजार मावतात.
त्रेचाळीस पानं. दोनदा पाव पाव तास थांबायचं,
तेवढ्यात चहा होतो, भांडी होतात.

प्रत्येक पानाखाली एक लांबलचक आकडा येतो,
पुढच्या पानाचा पत्ता.
तो हरवला तर पुन्हा पहिल्यापासून.
सव्विसाव्या पानावर लाइट गेली.
मे महिना, पत्रा तापलेला रात्री अकरालासुद्धा,
पलीकडच्या गल्लीतले माग एकदम गप्प झाले
आणि कुत्री ऐकू यायला लागली.
मी घाबरले नाही. आकडा फाइलीत उतरवला होता.
अंधारात अम्मानंही
अर्ध्या विडीला दोरा गुंडाळून ठेवला,
सकाळी तिथूनच.

त्रेचाळिसाव्या पानाखाली शून्य आलं.
एवढं सुंदर शून्य मी शाळेत कधी मिळवलं नव्हतं.

आता नावं.
शंभर शंभर क्रमांकांची चळत करून दिली
आणि शंभराच्या जागी सत्त्याण्णव परत आली.
ना चूक, ना निरोप.
"तिघं कुठं गेली?"
खातं बंद केलं असेल. काढून टाकलं असेल.
"मग तिघांचे पैसे कुणाचे कापले?"
कुणाचेच नाही, अम्मा.
तिला पटलं नाही.
तिच्या हजारातून छाट निघते ती तिच्याच हजारातून निघते,
आणि कारखान्यात पानंही कमीच मोजून मिळतात.

शेठला यादी दिली.
इचलकरंजी, हुबळी, कुठलंसं दोहा.
त्यांनी वर-खाली केलं, चष्मा काढला,
म्हणाले, दर महिन्याला देत जा.

दर महिन्याचं सोपं आहे.
नवी माणसं यादीत सगळ्यात वर येतात.
वरून वाचत जायचं,
ओळखीचा क्रमांक दिसला की थांबायचं.
एक मागणी, फार तर दोन.

पण सोडून गेलेला वर येत नाही.
तो मधूनच कुठून तरी उठतो,
खालचे सगळे एकेक पायरी वर सरकतात,
रांग आहे तशीच दिसते.
तो गेला हे कळायला
शून्यापर्यंत जाऊन यावं लागतं,
जुनी यादी शेजारी ठेवून.

हे अम्माला सांगितलं
तेव्हा ती कात्रीनं पान कापत होती.
कापता कापता म्हणाली,
"नरसूबाई दिसली नाही गं कारखान्यात,
दिवाळीपासून."
मग कात्री खाली ठेवून
पहिल्यापासून बायका आठवायला लागली,
दारापाशी बसते ती यल्लव्वा,
तिच्या डावीकडं…