एकवीस वॅट

डावीकडे वळताना गाडी घाई करू लागली.
टिकटिकटिकटिक,
जणू मागे कुणी लागलंय.
साखळीच्या तिठ्यावर समोरून येणारा रिक्षावाला ओरडला,
"पात्रांव, फुडलो दिवो गेला तुजो!"

मला ठाऊक होतंच.
दोनांतला एक विझला
की उरलेला दुप्पट धावतो.
हे यंत्राचं. माणसांचंही असेल,
मी त्यात पडत नाही.

फटूच्या दुकानातून पांढरा बल्ब आणला.
घरी, पाळीला, येऊन बघतो तर बसेना.
नारिंगी बल्बच्या दोन खुंट्या
समोरासमोर नसतात, किंचित तिरक्या असतात,
भलता बल्ब भलत्या घरात जाऊ नये म्हणून.
पुन्हा साखळी. पुन्हा फटू.
"दोन दे," म्हटलं,
"एक गेला म्हणजे दुसऱ्याचंही वय तेवढंच."

बॉनेटची दांडी केव्हाची मोडलीय.
तिच्या जागी माटोळीची काठी लावली,
चवथ होऊन महिना झाला
तरी सुपारीचा एक देठ चिकटून होता तिला.

मग हात.
हा हात सोळा वर्षं ट्रकवर होता,
खाणीवरून धक्क्यावर, धक्क्यावरून खाणीवर,
नखांत लाल माती.
भर काळोखात, रस्त्याच्या कडेला,
तोंडातली विडी न विझवता
हेडलाइट बदललेत या हातानं.
आता बॅटरी आणि दिव्याच्या मधल्या
चार बोटं फटीत तो शिरत नाही.
मनगटाशी अडतो. पत्रा कातडी सोलतो.

"सर बाजूक," अक्षता म्हणाली.
बांगडी काढून खिशात टाकली,
मोबाइलचा उजेड माझ्याकडे दिला
आणि तिचा हात आत गेला, तिच्या आईचा जाई तसा,
बरणीच्या तळाशी, शेवटच्या लोणच्यासाठी.

"पाव फेरा फिरव. ओढू नको, आपोआप सुटेल."
सुटला.
"आता नवा आत दाब, फिरव, सोड."
ती बोटांनीच बघत होती,
मान वाकडी, गाल मडगार्डला टेकलेला,
आणि तशीच म्हणाली,
"बाबा, माझी लिस्बनची नोंद झाली.
जानेवारीत जाईन म्हणते."

उजेड हलला.
"नीट धर."
मी नीट धरला.

गाडी शिकवताना मीच सांगितलं होतं,
वळायच्या खूप आधी दाखव,
मागच्याला ब्रेक मारायला वेळ मिळू दे.
आता ऑक्टोबर.
वेळ दिलाय तिनं, तक्रार नाही.
आमच्या ट्रकच्या रांगेत सिग्नल लागतच नव्हता,
सगळे एकाच धक्क्याला जाणारे.

जुना बल्ब माझ्या तळहातावर.
काच आतून काजळलेली.
कानाशी हलवला, तर तुटकी तार किणकिणली,
एवढीशी.

"तिकडे गाड्या कुठल्या बाजूनं चालतात?"
"उजव्या."
"म्हणजे वळताना सगळं उलटं."
"हो बाबा."
त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघं
तो बल्ब बसवत राहिलो,
बसला होता तरी.

उजवीकडचा चांगला होता. तोही बदलला.
जुना, जिवंत, वर्तमानपत्रात गुंडाळून
डॅशबोर्डच्या खणात ठेवला,
पीयूसीच्या कागदाखाली.

मग मी स्टिअरिंगशी,
ती समोर गडग्याला टेकून.
तोवर काळोख पडला होता.
दांडी ढकलली.
"पेटलो!" ती ओरडली, लहानपणी ओरडायची तशी.

टिक. टिक. टिक.
आता घाई नाही.
तिचा चेहरा नारिंगी होई,
मग नसे,
मग पुन्हा नारिंगी.

"पुरे ना?" तिनं विचारलं.
"थांब," म्हटलं,
"विझतो का बघू दे जरा."