कम्मी माडरी

एकतीस वर्षं उद्यमबागेत पंप तपासले मी.
हौदावर उभं राहायचं, व्हॉल्व्ह उघडायचा,
काटा थरथरत वर गेला की वहीत आकडा:
हेड इतकं, डिस्चार्ज इतका, पास.
पाणी कमी फेकणारा पंप
आमच्याकडे नापास.

संयुक्ता धारवाडला हॉस्टेलवर गेली
आणि माझ्या वाट्याला आली दोन फुटी काचेची टाकी,
आत एकच फायटर, तांबूस.
नाव कुंदा, तिच्या आईनं ठेवलेलं.
त्यातला फिल्टर फारच मिळमिळीत वाटला मला,
काड्यापेटीएवढी मोटर, चालू आहे की बंद तेही कळेना.
बदलली.
तासाला हजार लिटर.
हाताला धार लागली तेव्हा कुठं बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी कुंदा
थर्मामीटरच्या मागं, कोपऱ्यात, शेपूट मिटून.
दाणा टाकला की निघायचा,
अर्ध्यावर यायचा,
तेवढ्यात धार त्याला उचलायची,
दोरीवरून सुटलेली ओढणी जावी तसा पलीकडं.
दाणाही त्याच्या पुढं पळायचा.
मला वाटलं, व्यायाम होतोय.
फोनवर तसं सांगितलंही.

पंखाला चिरा दिसल्या, मग शहापूर गाठलं,
मागांच्या बोळात इराण्णा हंचिनमनींचं दुकान.
त्यांनी पंपाचा आकडा विचारला,
मी जरा छाती काढूनच सांगितला.
हसले नाहीत ते.
"नीरु कम्मी माडरी," म्हणाले, मग मराठीत,
"मेस्त्री, हा साचलेल्या पाण्यातला जीव.
भाताच्या खाचरात वाऱ्यानं पाणी हलतं की नाही,
तेवढं बास त्याला."
शेजारच्या टाकीत, धारेच्या अगदी तोंडाशी,
दगडाला पोटानं चिकटलेला
बोटाएवढा करडा मासा.
"हा कणकुंबीकडचा, ओढ्यातला.
ह्याला द्या तुमचा पंप.
थांबलेल्या पाण्यात ठेवला तर धापा टाकतो."
"आणि दोघं एका टाकीत?"
इराण्णांनी जाळी झटकली, खुंटीला लावली.
"कशाला?"

अडगळीतून काड्यापेटी परत काढली.
तिचंही तोंड काचेकडं फिरवलं,
म्हणजे धार काचेवर आपटून तिथंच मऊ होते.
वर स्पंज, मधे बारकी तोटी.
एक आटा फिरवायचा, थांबायचं, मासा बघायचा.
इथं काटा नाही.
शेपूट ताणलंय की सैल सुटलंय, एवढीच खूण.
एक तरंगता दाणा सोडून
टाकीची लांबी किती सेकंदांत कापतो ते मोजलं,
जुनी खोड.
मग घड्याळ काढून टीव्हीवर ठेवलं.

पार बंद करूनही भागत नाही,
दुसऱ्या सकाळी पाण्यावर साय धरली होती.
पाव आटा उघडला.
साय फुटली, कडेला गेली,
कुंदा मधोमध आला, तरंगत्या पानाखाली
उगाच उभा राहिला.

संध्याकाळी फोन.
"अप्पा, फिल्टर कसा चाललाय?"
"नापास," म्हटलं. "झकास चाललाय."

मोठा पंप इराण्णांना देऊन आलो, पैसे नको म्हटलं.
परवा बाजारात भेटले.
करड्यानं दगड बदलला म्हणे,
धारेच्या आणखी जवळचा घेतला.