चाबकाची खोबण

पेटिबोन आणि पुत्र, बग्गीवाले, इंडियाना.
पाटीवरचा पुत्र घटसर्पानं गेला
सातव्या वर्षी. पाटी कुणी बदलली नाही.

मी तिथं रेघा ओढायचो.
खारीच्या केसांचा कुंचला, श्वास रोखून
चाकाच्या आऱ्यांवर एक पिवळी रेघ;
सुरू झाली की मध्ये थांबायचं नाही.
वार्निशच्या खोलीत जमीन ओली ठेवायची,
शिंक आली तर बाहेर पळायचं.
एकेक बग्गी तीन-तीन आठवडे वाळायची.

एकोणीसशे तीनच्या वसंतात
म्हाताऱ्या ऑरिननं बग्गीच्या पोटात इंजिन बसवलं.
घोडा काढला. बाकी सगळं तेच:
तोच बाक, त्याच चिखल अडवायच्या फळ्या,
आणि उजव्या हाताशी
चाबूक खोचायची पितळी खोबण.
‘ही कशाला आता?’ हुल्डानं विचारलं. ती गाद्या शिवायची.
ऑरिन म्हणाला, साचा जुनाच आहे,
आणि माणसाचा हात कुठंतरी जायला हवा.

पहिल्याच फेरीत बेकरीचा घोडा उधळला,
पाव रस्ताभर.
टेकडीवर गाडी बंद पडली,
तोच घोडा जुंपून परत आणली.
लोक हसले. आम्हीही.

एकशे एकेचाळीस गाड्या केल्या.
त्या खोबणीत एका डॉक्टरनं छत्री ठेवली,
क्विग्लीबाईंनी लिलीची फुलं,
कुणाच्या तरी पोरानं बेडूक.

मग उत्तरेकडून मालगाडी भरून गाड्या आल्या,
अर्ध्या किमतीच्या, काळ्याकुळकुळीत.
मी वाकून बघितलं, बोट फिरवून बघितलं.
रेघ नव्हती.
खरं सांगतो, चांगल्या चालायच्या.

बँकेनं कुलूप लावलं त्या दिवशी
लेथ मोजले, पट्टे मोजले, घोड्याचे केस भरलेल्या गाद्यासुद्धा.
पेटीभर खोबणी उरल्या होत्या, त्या वजनावर गेल्या.
एक मी खिशात टाकली. चोरी म्हणा हवं तर.
पाटी तेवढी कुणी घेतली नाही.
ऑरिननं ती काखेत मारली
आणि तो नदीच्या वाटेनं घरी गेला, लांबच्या वाटेनं.

आता लेकीच्या घरी, खिडकीत,
त्या खोबणीत माझा कुंचला उभा असतो. केस झडलेत.
नातू विचारतो, हे काय?
चाबकाची जागा, मी म्हणतो.
तो माझ्याकडं बघतो, मग खोबणीकडं,
आणि सोडून देतो.

बाहेर कडाक्याची थंडी.
जावयाची गाडी सुरू होत नाहीये.
हँडल मारून मारून तो दमलाय.
शिव्या देतो, थांबतो,
मग बॉनेटवर हलकेच थाप मारतो,
मानेवर मारावी तशी.