खारकेचा गुडघा

डॉक्टर हैथमनं एक्स-रे उजेडावर धरला.
एक पट्टी, सहा स्क्रू.
मी सोहारच्या बंदरात क्रेनचे सांधे तपासतो,
स्क्रू मला कळतात.
किती टॉर्क लावलात, विचारलं. तो हसला.
म्हणाला, आठ आठवडे. उडी नाही, पळणं नाही, जिना तर नाहीच.

जिना आहे. दुसरा मजला, लिफ्ट नाही.
बावीस किलोची खारीक
दिवसातून चारदा उचलतो,
एक हात छातीखाली, एक मागे.
छत्तीस पायऱ्या. दाराबाहेर पाऊल टाकताच
दमट हवा चष्म्यावर बसते,
आणि मी उभा राहतो तसाच, आंधळा,
तिचं काळीज माझ्या मनगटावर धडधडत.

पहाटे चारला जातो, डांबर तापायच्या आत.
जुन्या टॉवेलची झोळी पोटाखालून,
दोन्ही टोकं माझ्या मुठीत.
तिचं अर्धं अंग ती चालवते, अर्धं मी.
पाच मिनिटं. कागदावर पाचच लिहिलंय.
नमाजाला निघालेले अबू सैफ
दोन हात अंतर राखून थांबतात:
पाय कसा आहे?
कुत्र्याला ते शिवत नाहीत.
परवा दाराबाहेर बर्फाची पिशवी होती,
कुणी ठेवली ते विचारलं नाही मी.

गुळगुळीत फरशीवर आता
लबनच्या खोक्यांचे पुठ्ठे अंथरलेत.
गळ्यातला प्लास्टिकचा भोंगा रात्री सिलेंडरवर आपटतो,
अंधारात कळतं ती कुठे आहे.
गोळी खजुरात भरतो, बी काढून.
ती खजूर खाते,
गोळी स्वच्छ चाटून माझ्या चपलेत ठेवते.

त्याच महिन्यात कोल्हापुरात
आईचा उजवा गुडघा बदलला.
शटडाऊन चालू होतं, रजा नव्हती.
पैसे वेळेवर पोचले.
खारकेसाठी रजा लागली नाही, ती इथंच होती,
डेटच्या गोदामामागे सापडली तेव्हापासून.
तिचे टाके चौदा. आईचे किती,
ते वहिनीला विचारावं लागलं.

शुक्रवारी फोन.
'टेकला का रं पाय, तुझ्या कुत्रीनं?'
'अजून नाही. तू?'
'मी काल न्हाणीपतोर गेले. वॉकर घिऊन, पर गेले.'
आवाजात शर्यत जिंकल्याचा माज.
'तिला सांग, वाकवताना जीव जातोय,
पर वाकवायचा. न्हाईतर लाकूड हुतंय.'
मी फोन भोंग्याच्या तोंडाशी धरला.
प्लास्टिकमध्ये आईचा आवाज घुमला,
एक कान उभा राहिला, एक तसाच.

रात्री दहा वेळा वाकव, दहा वेळा सरळ.
तळव्याखाली काहीतरी बारीक सरकतं,
बेअरिंगमध्ये वाळूचा कण असावा तसं.
खारीक ओरडत नाही.
माझ्याकडे बघत राहते,
उधारी लिहून ठेवणाऱ्या दुकानदारासारखी.

एकोणिसाव्या पहाटे
कचऱ्याच्या डब्यापाशी, एका मांजराच्या वासात गुंग होऊन,
तिनं पाय टेकला. नुसती बोटं.
तीन मोजेपर्यंत.
मी टॉवेल सैल केला, श्वासही घेतला नाही.
मग तिच्या लक्षात आलं, आणि तिनं तो वर घेतला.

आईला सांगितलं. ती गप्प झाली.
'त्या मुक्या जनावराला तर वॉकरबी न्हाई,' म्हणाली.
मग फोन खाली धरून
लुगडं सारलं, 'हे बघ.'
गुडघ्यावरून खाली उतरणारी रेघ,
सुजलेली, चकाकणारी, कडेला पिवळा रंग.
नीट दिसावं म्हणून मी दोन बोटांनी
चित्र मोठं केलं, अजून मोठं,
आणि नेटवर्क गेलं.

पडद्यावर थिजलेल्या चौकोनांवर
अंगठा तसाच राहिला.
मागे पुठ्ठा करकरला. भोंगा सिलेंडरवर आपटला,
पुन्हा आपटला.
बर्फाची वेळ झाली होती.