एकसष्ट आणि बासष्ट

कांजूरमार्गला सातव्या मजल्यावर
स्वेटर घालून मी दक्षिण ध्रुवाचं हिम मोजते.
पडद्यावर रडारच्या रेघा, थरावर थर,
कपाटातल्या चादरींच्या घड्यांसारखे.
एके ठिकाणी घडी बारीक होत होत
कागदाएवढी उरते,
जराशा अंतरावर पुन्हा फुगते.

ऋजुता नवी आहे. विचारते,
इथे हिम कमी पडतं का?
पडतं गं, शेजारच्याएवढंच.
राहत नाही.

उतार म्हणशील तर किलोमीटरला तीन-चार मीटर.
उभ्या माणसाला सपाट मैदान.
वाऱ्याला बरोबर कळतो.
उतार लागला की धावतो,
वरची भुकटी खरवडून नेतो,
मागे चकचकीत कडक पापुद्रा.
पुढे खोलगट जागी दमतो
आणि हातातलं सगळं टाकून देतो.

दर दोन किलोमीटरवर बांबूची एक काठी.
वर्षाने जायचं, बाहेर किती उरली ते बघायचं.
एकसष्ट नंबर: शून्य, शून्य, उणे चार, शून्य.
बासष्ट नंबर पाचव्या वर्षी सापडलीच नाही.

हे मी अप्पांना सांगितलं, रविवारी, बोंबील साफ करताना.
भांडुपच्या मिठागरात त्यांची एकतीस वर्षं गेली.
म्हणाले, वाफ्याचंही तेच.
तळ चोपून चोपून सारखा केला
तरी बोटभर उतार कुठे तरी राहतोच.
डोळ्याला नाही दिसत, तळपायाला लागतो.
दुपारी खाडीवरून वारा सुटला
की मिठाची साय सरकत सरकत
एकाच कोपऱ्यात.
मुकादम ओरडायचा, बाकीचं कुठे गेलं?
आता कुणाला सांगणार, वाऱ्याला विचार म्हणून.

मग बराच वेळ सुरीचाच आवाज.

एकसष्टला खोदलं तर, मी म्हटलं,
शंभरेक वर्षं सापडणारच नाहीत.
पडून गेली, पण थर नाही.
अप्पांनी मान हलवली, जणू
अशा वर्षांची त्यांना ओळख आहे.

आणि ती दुसरी? बासष्ट?
ती असेल तिथेच.
खाली. उभी.
मग तू काय लिहिलंस?

आडवी रेघ, अप्पा.
हात धुऊन ये, म्हणाले,
माशाच्या हाताने कागदाला शिवू नको,
पण ती रेघ खोड.