क्रमशः

उलटी अक्षरं सुलटी वाचायची सवय डोळ्यांना,
म्हणून रेवती सगळ्यांत आधी मला भेटायची,
आरशातल्यासारखी, शिशाची, थंडगार.
खाली तेलाचा घाणा, वर आमचा छापखाना;
‘धोटा’ साप्ताहिकाला कायम करडीचा वास.

हंचाटे मास्तर दर अंकाला एक प्रकरण द्यायचे
आणि बरोबर विहिरीच्या काठावर तिला उभी करून
टाक पुसून निघून जायचे.
मग आठ दिवस अख्खी गिरणी त्या विहिरीत डोकावायची.

वाचणारा एक, ऐकणारे साठ.
भोंग्याआधी नरसय्या येमूल साचेवाल्यांना
तेलुगूत सांगायचा,
त्याची रेवती थेट करीमनगरची निघायची.

गड्ड्यात त्या साली ‘रेवती काकणं’ खपली.
नागोजी फडवाल्यानं मला पावली देऊन
पुढचं प्रकरण छापायच्या आधीच नेलं.
पण त्याची रेवती, म्हणजे मिशी उतरवलेला भिवा,
काही केल्या उडी मारेना.
सावकारालाच ढकललं की हो तिनं!
शिट्ट्यांनी तंबूची कनात हलली.
शेवटच्या रांगेत, कानाला उपरणं गुंडाळून,
मास्तर बसले होते.
मंगळवारी मजकूर आला : सावकार विहिरीत.
मी काही बोललो नाही. खिळे जुळवले.

मग बातम्यांनाही तीच चटक.
आमचे वार्ताहर वामनराव ज्वारीचा भावसुद्धा
‘रात्र काळोखी होती’ म्हणून सुरू करायचे.
मल्लप्पाचा हात पट्ट्यात गेला,
तर त्याच्या तोंडी दीड रकाना संवाद.
शेजारच्या साच्यावरचे म्हणाले,
तो तर नुसता हाताकडं बघत होता.
खाली दोन बोटं जागा उरली.
सवयीनं माझी बोटं त्या खणात गेली :
क्रमशः.

अंक हातोहात संपला.
आठव्या दिवशी लक्कव्वा जिना चढून आली,
पदराखाली घडी घातलेला अंक,
कुणाकडून तरी वाचून घेतलेला.
“पुढचं छापलं का हो?
त्यात ते दवाखान्यातनं घरी येतात का?”

मास्तर तिथंच मुद्रितं तपासत होते.
त्यांनी दौतीला झाकण लावलं.
खाली बैल फिरत होता.

त्या अंकात रेवती आली नाही.
दुपारच्या सुट्टीत दगड आले, तीन तावदानं गेली,
‘रेवतीचं काय केलंत?’ म्हणून ओरडत होते सगळे,
मल्लप्पाच्या खात्यातलेसुद्धा.