मोकळा सोडलेला माणूस

गुरुवारी रात्री नऊला मी कानांवर हेडफोन चढवते.
तिकडे विलिस्टनला कोल्बी तेलाच्या विहिरीवरून
नुकताच खोलीवर आलेला, बूट अजून पायात.
इकडे नेब्रास्कात मी, डार्ला, चार नंबरच्या स्कूल बसची ड्रायव्हर,
त्याच्याच जुन्या खुर्चीत,
कंट्रोलर असा धरलेला
जसं शेजारणीचं तान्हं मूल.

"बॉलकडे बघू नकोस, आई.
त्या टोकाच्या माणसाकडे बघ.
त्याला आपण मुद्दाम अडवलेलं नाही."

मुद्दाम?
अकरा जण अंगावर यायला टपलेले
आणि त्यातला एक असा मोकळा सोडायचा?

"त्याला अडवायचं नाही, वाचायचं.
तो आत घुसला तर बॉल ठेव.
तुझ्यावर डोळा ठेवून थबकला तर दे.
हिरवं बटण धरून ठेवलंस की दिलास,
सोडलंस की तुझ्याकडेच राहिला."

धरलं की जातो, सोडलं की राहतो.
हे अंगठ्याच्या गळी उतरवायलाच
दोन गुरुवार गेले.

पहिल्या रात्री सतरा वेळा आपटले.
दुसऱ्या रात्री मोजलं नाही.
तळ्यात, मळ्यात,
आणि प्रत्येक वेळी मधल्या चिखलात.
"तू आधीच ठरवतेस," तो म्हणाला.
"तुला कसं कळतं?"
"दिसतं, आई. इथवर दिसतं."

खरं आहे. मी वळण यायच्या कितीतरी आधी
इंडिकेटर लावणारी बाई.
त्याचं सामान कारमध्ये चढवलं तेव्हाही
मी आधीच ठरवलं होतं, रडायचं नाही,
आणि तो तर रडवेला उभा होता, मी पाहिलंच नाही.

मंगळवारी रुळांपाशी बस थांबवली,
नियमाप्रमाणे दार उघडलं, कान दिला.
मागे एकोणीस मुलं, कधी नव्हे ती गप्प.
दूरवर कुणाचं तरी कापणी यंत्र मक्यात घरघरत होतं.
गाडी येत नव्हती.
तरी मी थोडं जास्तच थांबले,
नुसतं ऐकत,
काहीही न ठरवता.
मागून हार्पर ओरडली, "मिस डार्ला, झोपलात का?"

आता पिच शिकतेय.
हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये म्हणतात.
इथे हातचं सोडायचं
ते पळत्याच्याच हाती,
बाजूला, किंचित मागे,
त्याच्याकडे न बघता.
पळता म्हणजे कोल्बी. आम्ही एकाच संघात.

आमच्या बोलण्यातही एक माणूस
असा मोकळा सोडलेला आहे.
लॉनी.
त्याचं नाव मी काढत नाही, कोल्बी काढत नाही.
हवामान बोलतो, गुडघा बोलतो, ट्रकचे टायर बोलतो,
आणि तो टोकाला उभा असतो, हात सैल सोडून.
दोघंही त्याच्याकडे बघत असतो.

काल तिसऱ्या क्वार्टरमध्ये
मी उजवीकडे पळाले, बॉल पोटाशी.
तो टोकाचा आला. येऊ दिला.
आणखी येऊ दिला,
त्याच्या हेल्मेटवरचा ओरखडा दिसेपर्यंत.
आणि नेमका तेव्हाच कानात कोल्बी म्हणाला,
"बाबांचा फोन आला होता. रविवारी."

अंगठा आपोआप दाबला गेला.
मी आडवी झाले, बॉल सुटला,
सुरेख, वळत, अगदी हवा तिथे.

"मग?"
"मग काय. उचलला."

पडद्यावर त्याचा गडी जागच्या जागी उभा.
त्यानं कंट्रोलर खाली ठेवला होता.
बॉल गवतावर टप्पे खात गेला,
लांबट बॉल, कुठे उडेल सांगता येत नाही,
दोन राज्यांतून आम्ही दोघं बघत राहिलो
समोरच्यांच्या कुणीतरी तो उचलेपर्यंत.

बराच वेळ नुसता श्वास.
बुटाची नाडी सुटल्याचा आवाज.

"वाचलंस मात्र बरोबर," तो म्हणाला.

"कसे आहेत?" मी विचारलं.